पहाडसाहेबांचा हात

आमच्या देशाचे पहिले अध्यक्ष आयुष्यात कधी पंजा हरले नाहीत. याचं मुख्य कारण असं की त्यांच्याशी पंजा लढवणारे सगळे त्यांच्याच हाताखाली नोकरीला होते. हे वाक्य मी वर्गात कधीही उच्चारलेलं नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि माझी पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.

लोक त्यांना पहाडसाहेब म्हणत. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर अख्खा धडा आहे. त्यांनी गोठायला आलेली नदी पोहून पार केली. भूल न घेता दाढ काढून घेतली, आणि ती काढली जात असताना रेडिओवरचं भाषण चालू ठेवलं. ते भाषण मी ऐकलंय. त्यातलं एक अक्षर समजत नाही, पण निर्धार जाणवतो. चिखलात रुतलेला घोडा त्यांनी खांद्यावर घेऊन बाहेर काढला असंही सांगतात. घोड्याचं म्हणणं उपलब्ध नाही.

त्यांच्यानंतर जो कोणी अध्यक्ष झाला त्याच्या मानगुटीवर हा धडा बसला. दुसरे अध्यक्ष दर हिवाळ्यात एकदा बर्फ फोडून आंघोळ करत आणि उरलेला हिवाळा अंथरुणात काढत. तिसरे फोटोवाल्यांसमोर उघड्या अंगाने लाकडं फोडत. ती लाकडं आदल्या दिवशी एक सुतार फोडून, पुन्हा नीट जुळवून ठेवत असे. चौथे किडकिडीत होते आणि त्यांना दमा होता. त्यांनी रस्ते बांधले, दवाखाने बांधले, शाळा काढल्या. त्यांचं नाव विचारलं तर माझ्या वर्गात एकालाही येत नाही.

पहाडसाहेबांनी मात्र घोड्याबिड्याखेरीज एक काम असं केलं, की जे मला मनापासून आवडतं. त्यांनी आईबाप नसलेल्या मुलांसाठी बालसदन काढलं. माझी बायको त्या सदनाची अधीक्षिका आहे. आम्ही मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहतो. मुलं तिला मावशी म्हणतात, म्हणून मी आपोआप काका. नात्यात बढती मिळवायला मला काहीही करावं लागलेलं नाही.

हयात असताना पहाडसाहेब दर वर्धापनदिनाला सदनात येत आणि एकेका मुलाशी पंजा लढवत. ते सगळ्यांना हरवत. सहा वर्षांच्या पोरालासुद्धा त्यांनी कधी जिंकू दिलं नाही. धड्यात याला तत्त्वनिष्ठा म्हटलंय.

ते गेल्यावर ही प्रथा बंद पडू नये म्हणून स्मारक समितीने त्यांचा हात करून घेतला. हात म्हणजे कोपरापासून पुढचा उजवा हात, प्लास्टरच्या साच्यावरून ओतलेला, वर तपकिरी चामडं शिवलेला, एका जाडजूड लाकडी टेबलावर उभा केलेला. पाहुण्याने त्या पंजात पंजा घातला की चामड्याची बोटं घट्ट मिटतात आणि हात पाहुण्याला आडवा करतो. मूळची कळ झिजल्यावर आमच्या लिफ्टवाल्याने आत लिफ्टची मोटार आणि लिफ्टचाच ब्रेक बसवला. हा लिफ्टवाला पलीकडच्या दवाखान्याची लिफ्ट सांभाळतो आणि आमची कामं फुकट करतो, त्यामुळे त्याच्या कामात दोष काढणं आम्हाला परवडत नाही.

सदनात आलेल्या प्रत्येक पाहुण्याने हाताशी पंजा लढवायचा आणि हरायचं, असा रिवाज. हरलेला पुरुष मनगट चोळत, हसत हसत पाकीट काढतो. आमच्या संस्थेचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आलं.

पण पाकिटातून छत निघत नाही. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीचं छत वाकलं होतं, आणि इंजिनियरने ते बघून खोलीला कुलूप लावलं होतं. तेव्हापासून सगळी लहान मुलं खालच्या दिवाणखान्यात, पहाडसाहेबांच्या हाताभोवती गाद्या टाकून झोपत होती. दिवाणखान्याचं दार थेट रस्त्यावर उघडतं. थंडीत दाराच्या फटीला बायको स्वतःच्या साड्या लावायची. तिने छतासाठी मंत्र्यांपासून वाण्यापर्यंत सगळ्यांचे उंबरठे झिजवले होते. आता तर निरीक्षक सांगून गेला होता, की हिवाळ्याच्या आत छत झालं नाही तर मुलं वेगवेगळ्या गावच्या सदनांत वाटून टाकावी लागतील.

"वाटून म्हणजे?" बायकोने त्याला विचारलं होतं.

"म्हणजे जिथे जागा असेल तिथे."

"भावंडं?"

"जिथे जागा असेल तिथे," तो पुन्हा म्हणाला आणि चहा न घेता गेला.

अशा वेळी टायरवाले आले.

टायरवाले म्हणजे देशातल्या निम्म्या चाकांचे मालक. धिप्पाड, झुपकेदार मिशा, आणि भर उन्हाळ्यात चामड्याचं जाकीट, कारण पहाडसाहेब तसंच घालत. ते पहाडसाहेबांसारखं चालत, पहाडसाहेबांसारखं खोकत, आणि कोणाशीही बोलताना दूर डोंगराकडे बघत. खोलीत डोंगर नसेल तर कपाटाकडे.

"छत देतो," ते कपाटाला म्हणाले. "अख्खं. लोखंडी तुळयांसकट."

बायकोने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"एक अट आहे. वर्धापनदिनाला मी याच्याशी पंजा लढवणार. पेपरवाले, टीव्हीवाले, सगळ्यांसमोर. जिंकलो तर छत."

"आणि हरलात तर?"

टायरवाल्यांनी पहिल्यांदाच कपाटावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारला नसावा.

ही बातमी संध्याकाळच्या आत स्मारक समितीच्या कर्नलसाहेबांपर्यंत पोचली. कर्नल निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, पण पाठ अजून नोकरीत आहे. ते ताठ बसले आणि म्हणाले, "पहाडसाहेब हरणार नाहीत."

"अहो, पण छत," बायको म्हणाली.

"बाई, ते ज्या दिवशी हरतील त्या दिवशी समिती हात परत नेईल. हाताबरोबर वार्षिक अनुदानही जाईल. मला व्यक्तिशः वाईट वाटेल." त्यांनी व्यक्तिशः वाईट वाटून घेतलं आणि बिस्किट उचललं.

म्हणजे टायरवाले हरले तर छत नाही, आणि जिंकले तर जेवण नाही. बायको रात्रभर जागी असेल असं मला वाटलं होतं, पण ती छान झोपली, आणि सकाळी दात घासता घासता म्हणाली, "बरोबरी."

"काय?"

"दोघांचा हात मधोमध अडकवायचा. इकडे नाही, तिकडे नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की मी जाहीर करणार, दोघेही तुल्यबळ. पहाडसाहेब हरले नाहीत, टायरवाले पहाडसाहेबांच्या तोडीचे. फुशारकी मारणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?"

"अगं, पण हात मधोमध थांबणार कसा?"

तिने चूळ भरली आणि खिडकीतून लिफ्टवाल्याला हाक मारली.

लिफ्टवाल्याला कल्पना फार आवडली. त्याने टेबलाजवळच्या गालिच्याखाली एक खटका बसवला. बायकोने पायाने एकदा दाबलं की ब्रेक लागणार आणि हात जिथे असेल तिथे थांबणार. पुन्हा दाबलं की ब्रेक सुटणार, बोटं उघडणार. त्याने माझ्यावर प्रयोग करून दाखवला. मी पहाडसाहेबांच्या हाताला हात देऊन उभा, अर्ध्यात थांबलेला, आणि दारातून आक्का बघत होत्या.

आक्का म्हणजे सदनाच्या स्वयंपाकीणबाई. त्या याच सदनात वाढल्या, इथेच कामाला लागल्या, आणि सदनात मोठ्याने बोलण्याचा अधिकार फक्त आपल्याला आहे अशी त्यांची समजूत आहे.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "लग्नाच्या फोटोतसुद्धा एवढे घाबरलेले दिसत नव्हता तुम्ही."

वर्धापनदिनाला दिवाणखाना फुलून गेला. टीव्हीवाल्यांनी चार कोपऱ्यांत मोठाले दिवे लावले. भिंतीतल्या एकुलत्या एका सॉकेटला त्यांनी वायरींचं एवढं जंजाळ जोडलं की ते बघून लिफ्टवाला नुसताच "आयला" म्हणाला. पण त्याच्याकडे वेळ नव्हता. तो हाताच्या सांध्यात तेल घालत होता.

टायरवाल्यांनी जाकीट काढलं, बाही दुमडली, दंड फुगवला. मुलांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. ही शिस्त जमादारची. जमादार म्हणजे आमच्याकडची नऊ वर्षांची एक मुलगी. आमच्या सदनात प्रत्येक मोठ्या मुलाच्या वाट्याला एक लहान मूल असतं. त्याला जेवू घालायचं, नाक पुसायचं, झोपवायचं. जमादारच्या वाट्याला बटण नावाचं दीड वर्षांचं प्रकरण आलंय, आणि बटण संपल्यावर उरलेला वेळ ती बाकी सगळ्यांना वळण लावण्यात घालवते.

कर्नलसाहेबांनी रुमाल हलवला. पंजात पंजा पडला. बोटं मिटली.

मोटार घरघरली. टायरवाल्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. हात थोडा इकडे झुकला, थोडा तिकडे. कर्नलसाहेबांच्या ओठांवरची मिशी थरथरली. हात बरोबर मधोमध आला आणि बायकोने, जगातल्या सगळ्यात निरागस चेहऱ्याने, पायाखाली खटका दाबला.

हात थांबला. टीव्हीवाल्यांनी दिवे आणखी प्रखर केले. त्याच क्षणी स्वयंपाकघरात आक्कांनी पाहुण्यांच्या कॉफीसाठी पाणी तापवायचं मोठं यंत्र चालू केलं.

ठप्प असा आवाज झाला. दिवे गेले. टेबलाखालून जळक्या रबराचा वास आला.

"तुल्यबळ!" बायको अर्धवट अंधारात ओरडली, कारण तिने ते पाठ केलं होतं. टाळ्या झाल्या. तिने खटका पुन्हा दाबला. मग पुन्हा दाबला. मग गालिच्यावर बराच वेळ नाचल्यासारखं केलं.

"सोडा आता," टायरवाले हसत म्हणाले.

पहाडसाहेबांनी सोडलं नाही.

लिफ्टवाला टेबलाखाली गेला आणि काजळी लागलेला चेहरा घेऊन बाहेर आला. "ब्रेकची कॉइल जळाली."

"मग आता वीज नाही तर ब्रेक सुटायला हवा ना?" मी म्हटलं.

"उलटं, काका. लिफ्टच्या ब्रेकचा धर्मच असा. वीज गेली की तो सोडत नाही, धरतो. नाहीतर माणसं खाली पडतील."

"पण ही लिफ्ट नाहीये."

"ते ब्रेकला कुठं माहितीये?"

हाताने ब्रेक सोडायचा एक लोखंडी दांडा असतो, असं त्याने सांगितलं. तो दांडा दवाखान्यात, लिफ्टच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला होता. लिफ्टवाला स्कूटरवरून गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. वीज सगळ्या रस्त्याचीच गेली होती, आणि दवाखान्याच्या लिफ्टमध्ये दोन नर्स आणि एक दातांचे डॉक्टर अडकले होते. आधी त्यांना काढणं भाग होतं. "डॉक्टर फार घाबरलेत," तो म्हणाला. "नर्स त्यांना धीर देताहेत. येतोच."

टायरवाल्यांनी एक हिसका दिला. दुसरा दिला. मग त्यांनी टेबलावर पाय रोवून ओढून पाहिलं. कर्नलसाहेब अभिमानाने म्हणाले, "पकड! ही त्यांची पकड होती. परदेशी राजदूतांच्या बोटातल्या अंगठ्या वाकायच्या."

"कर्नल," टायरवाले दातांतून म्हणाले, "करवत आणा."

"हात राष्ट्राची संपत्ती आहे, साहेब."

"कोणता?"

यावर कर्नलसाहेबांनी क्षणभर विचार केला, हे मी स्वतः पाहिलंय.

बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. छत डोळ्यांसमोरून तुळयांसकट निघून जात होतं. तिने खुर्ची आणून टायरवाल्यांना बसवलं, हाताखाली उशी दिली, आणि माझ्या कानात म्हणाली, "अहो, निरीक्षकाला सांगायला आता काहीही उरलं नाही."

तेवढ्यात दुपारच्या जेवणाची घंटा झाली. सदनात घंटा कोणासाठी थांबत नाही. मुलं रांगेत बसली. टायरवाल्यांच्या पुढ्यातही सूपचा वाडगा आणि पाव आला. डाव्या हाताने त्यांनी चमचा उचलला आणि अर्धं सूप मिशांना पाजलं.

जमादारने बटणला एका बाजूला बसवलं आणि खुर्ची ओढून समोर आली. "द्या इकडे."

"मी खाईन."

"दिसतंय. तोंड उघडा. मोठं. हं. जेवताना बोलायचं नाही."

निम्म्या चाकांच्या मालकांनी तोंड उघडलं. एक चमचा त्यांना, एक बटणला. बटणला हा सोबती पसंत पडला. टायरवाल्यांनी पावाची कड ठेवली तेव्हा जमादार नुसती बघत राहिली. त्यांनी कड खाल्ली.

"पहाडसाहेबांनी आयुष्यात कधी आधी हात सोडला नाही," कर्नलसाहेब वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले.

"सोडला होता की," सूप वाढता वाढता आक्का म्हणाल्या.

दिवाणखान्यात चमचे थांबले.

"कधी?" कर्नल.

"मी या जमादारनीएवढी होते. दर वर्षी यायचा आणि आमचे हात पिळून जायचा. त्या वर्षी माझा पिळला, तर मी चावले."

"कोणाला?"

"तुमच्या पहाडाला. इथं, अंगठ्याच्या मुळाशी. असा ओरडला की बागेतले कावळे उडाले. झटकन सोडला हात."

"हे नोंदीत नाही," कर्नलसाहेब म्हणाले.

"नोंद करणाऱ्यालाही चावले असते मी."

"मग? तुला शिक्षा केली?" हे टायरवाल्यांनी विचारलं, तोंडात पाव घेऊन. जमादारने डोळे वटारले.

"छे. हातावर फुंकर मारत उभा राहिला. मग तेव्हाच्या अधीक्षिकाबाईंना म्हणाला, या पोरीला पोटभर मिळत नाही वाटतं. दुसऱ्या दिवसापासून दूध दोन वेळा सुरू झालं. अजून चालू आहे. प्या ते, बघता काय."

दूध दोन वेळा का, हे धड्यात आहे. पहाडसाहेबांचा हाडांच्या बळकटीवर विश्वास होता, असं लिहिलंय. वीस-बावीस वर्षं मी तेच शिकवत आलो. मी आक्कांना विचारलं की याला काही पुरावा आहे का.

"तो दात पडला, मास्तर. नाहीतर दाखवला असता."

आणि टायरवाले हसले. आधी नाकातून, मग मिशांतून, मग एवढ्याने की पहाडसाहेबांचा हातही टेबलासकट हलायला लागला. कपाटाकडे न बघता हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्हीपण चावा ना," जमादार म्हणाली. "सुटेल."

"पेपरवाले आहेत," टायरवाले हळूच म्हणाले.

सूप आणि दोन ग्लास दूध यांचा परिणाम थोड्या वेळाने सुरू झाला. टायरवाले एका बाजूने दुसऱ्या बाजूला झुकू लागले. पहाडसाहेब म्हणे संसदेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागचे उठत नसत. टायरवाल्यांनी त्यांचं अनुकरण करायचा बराच प्रयत्न केला.

"शू?" जमादारने थेट विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. बायकोने टीव्हीवाल्यांना, पेपरवाल्यांना आणि त्यांच्या वायरींना अंगणात हाकललं. मोठ्या मुलांनी चादरी धरून आडोसा केला, तोंडं बाहेर. मी बादली दिली. जमादार दाराबाहेरून ओरडली, "पाढे म्हणा रे, मोठ्याने! त्यांना लाज वाटतेय!" मुलं तेराचा पाढा म्हणू लागली. तेरा नव्वे अडखळून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि ते बरंच झालं, कारण एका पाढ्यात भागण्यासारखं नव्हतं.

मग लहानांची दुपारच्या झोपेची वेळ झाली. कर्नलसाहेबांनी सुचवलं की आज झोप रद्द करावी. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पाठ आणखी ताठ केली आणि गाद्या घालायला मदत केली. टेबलाभोवती, खुर्चीखाली, टायरवाल्यांच्या बुटांना लागून, सगळीकडे गाद्या पसरल्या. कोणाचं डोकं त्यांच्या पायाशी आलं, तर कोणाचे पाय त्यांच्या पोटरीवर.

"इथे झोपतात?" टायरवाल्यांनी विचारलं.

"हळू बोला," जमादार म्हणाली.

"इथे झोपतात?" त्यांनी कुजबुजून विचारलं. या माणसाला कुजबुजता येतं हे मला माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही नव्हतं.

"वरची खोली बंद आहे ना. मला चालतं. पण बटण रात्री दाराकडे लोळत जातं, मग मी त्याची चड्डी माझ्या फ्रॉकला पिनेने लावते." तिने पीन दाखवली. "आम्हाला वाटून टाकणारेत. मी मावशीला सांगितलंय, पिनेसकट पाठवा."

बायको वळून खिडकी पुसायला लागली. खिडकी स्वच्छ होती.

बटण गादीवर न जाता टायरवाल्यांच्या मांडीवर चढलं, त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा मुठीत धरला आणि क्षणात झोपलं. आता त्यांचे दोन्ही हात अडकले. उजवा पहाडसाहेबांकडे, डावा बटणकडे. खोलीत नुसते श्वास ऐकू येत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून वाचत बसलो, म्हणजे पुढच्या काही वेळाचा इतिहास माझ्याकडे नाही.

लिफ्टवाला दांडा नाचवत आला. "काढले! डॉक्टर रडले शेवटी, पण..." सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. तो चवड्यांवर चालत टेबलाखाली शिरला. "मोठा आवाज होईल हं," तो खालून कुजबुजला. "एक, दोन..."

"थांब," टायरवाले म्हणाले. "उठेल ते."

"पण साहेब, तुमचा हात," कर्नल म्हणाले.

"हात कुठं पळतोय? बसा तुम्हीपण."

म्हणून आम्ही बसलो. एक कर्नल, एक इतिहासाचा प्राध्यापक, एक अधीक्षिका आणि टेबलाखाली एक लिफ्टवाला, एका दीड वर्षांच्या मुलाची झोप पुरी व्हायची वाट बघत. लिफ्टवालाही मधे घोरला.

बटण उठलं, जांभई दिली, आणि मिशी ओढून खात्री करून घेतली. मग खाड असा आवाज झाला आणि चामड्याची बोटं उघडली. टायरवाल्यांनी मनगट चोळलं. त्यांच्या हातावर शिवणीचे टाके उमटले होते. आणि पहाडसाहेबांच्या अंगठ्याच्या मुळाशी, चामड्यावर, दातांच्या दोन नीटस ओळी होत्या. ताज्या. प्रौढ मापाच्या.

कर्नलसाहेबांनी ओळी पाहिल्या. मग टायरवाल्यांकडे पाहिलं. टायरवाले कपाटाकडे बघू लागले.

"आता पेपरवाल्यांना काय सांगायचं?" कर्नल शेवटी म्हणाले. "बरोबरीही चालणार नाही, बाई. पहाडसाहेबांची बरोबरी कोणाशी होत नाही."

"पंजा झालाच कुठे?" बायको म्हणाली. एवढ्या वेळात ती खिडकी पुसून, डोळे पुसून मोकळी झाली होती. "अनाथ मुलांसाठी दोघांनी दुपारभर हस्तांदोलन केलं. एवढं लांब हस्तांदोलन या देशात कोणी केलंय का?"

कर्नलसाहेबांनी हे मनात समितीपुढे मांडून पाहिलं आणि मान डोलावली.

"पण साहेब, तुमची अट जिंकण्याची होती," बायको टायरवाल्यांना म्हणाली. "तुम्ही जिंकला नाहीत. हे खोटं मी नाही सांगणार."

टायरवाल्यांनी बटणला जमादारच्या कडेवर दिलं, आधी फ्रॉकला पीन आहे का ते बघून.

"उद्या माणूस पाठवतो," ते म्हणाले. "वरची खोली उघडी ठेवा." दारापर्यंत जाऊन ते परत आले. "खोलीच्या दाराला खालची कडी लावा, म्हणावं. हे लोळतं."

पेपरात फोटो छापून आला. त्यात टायरवाले पहाडसाहेबांसारखेच दूर कुठेतरी बघताहेत. त्यांच्या मिशीला सूप लागलंय, पण ते छपाईतला डाग म्हणून खपलं.

छत हिवाळ्याच्या आत झालं. निरीक्षक आला, वर बघत राहिला, आणि या वेळी चहा घेऊन गेला. कोणी कुठे वाटलं गेलं नाही. दिवाणखाना आता मोकळा असतो. हाताला नवं चामडं शिवायचं होतं. टायरवाल्यांनी त्याचे पैसे देण्यास आश्चर्यकारक तत्परता दाखवली, पण आक्कांनी ते काम आश्चर्यकारक कारणांनी लांबवलं. लिफ्टवाल्याने नवी कॉइल बसवली, दांडा टेबलालाच साखळीने बांधला, आणि गालिच्याखालचा खटका बायकोच्या सांगण्यावरून जरासा बदलला. तो आता दाबला, की मोटार ढिली पडते.

मोठ्या माणसांशी पहाडसाहेब अजूनही कधी हरत नाहीत. कर्नलसाहेब दर वर्षी तसा अहवाल लिहितात आणि तो पूर्णपणे खरा आहे. मात्र एखादं मूल टेबलापाशी आलं, की बायको उगीचच गालिच्यावर येऊन उभी राहते आणि छताकडे बघते. छत आहे हे बघायला तिला अजून आवडतं.

परवा जमादारने पंजा लावला. घरघर झाली, पहाडसाहेब थोडे अडले, आणि मग आडवे झाले. मुलांनी आरडाओरडा केला. जमादारने मात्र आनंद वगैरे केला नाही. तिने तो चामड्याचा पंजा उलटा केला, तळवा तपासला, बोटांच्या बेचक्यात पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली, "यांचे हात कोणी धुतं की नाही?"

आणि ओला फडका आणायला गेली.